ओलाव्याविषयी

तार्तूत, संगीतशाळेच्या मागच्या खोलीत
दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी
आम्ही जमतो, पियानो लावणारे अकरा जण.
कॉफी, काळा पाव, कुणाच्या तरी घरचा उरलेला केक.
खुर्ची ओढली की सगळे एकदम दचकतात.
कानांना आमच्या सुट्टी नसते.

इतिवृत्त मी लिहिते. बावीस वर्षं झाली.
नियम त्याहून जुने, पण लिहिलेले कुठेच नाहीत.
दुसऱ्याने लावलेल्या पियानोबद्दल
मालकासमोर अवाक्षर काढू नये.
सूर उतरलेला दिसला तर म्हणावं,
"यंदा हवेत ओलावा फार."
हिवाळ्यात म्हणावं,
"हीटर लावून ओलावाच राहिला नाही बघा."
दोन्ही वेळा ते थोडंसं खरं असतं,
आणि थोडंसं खरं फार वर्षं टिकतं.

आपसातही तेच.
काल्यु म्हणतो, "मेरिके, तो सभागृहातला मोठा पियानो...
ओलावा असेल, नाही?"
मेरिकेला कळतं, मधल्या सप्तकात घाई झाली.
ती मान हलवते, त्याला केकचा मोठा तुकडा देते.
असे आम्ही एकमेकांचे कान टोचतो,
रक्ताचा थेंब न काढता.

या जानेवारीत त्रीन आली.
सव्वीस वर्षांची, हेलसिंकीत शिकलेली,
ओले बूट न काढताच बसली आणि म्हणाली:
"बालवाडीतला पियानो उर्मासने सोमवारी लावला.
मी बुधवारी पाहिला.
वरच्या दीड सप्तकात एक तार दुसरीला ओळखत नाही.
ओलाव्याचा काही संबंध नाही."

कुणीतरी चमचा बशीत ठेवला.
त्याचा स्वर सगळ्यांनी ओळखला,
कुणी सांगितला नाही.

काल्युने घसा साफ केला.
"टीका करू नये असं नाही, मुली.
पण तार ताणतानाही
किल्ली हळूच फिरवायची असते."

"हळू म्हणजे किती? दोन वर्षं?
झाकणाच्या आत उर्मासच्या तारखा आहेत, खडूने.
आणि प्रत्येकीखाली, चार दिवसांनंतरची,
बारीक पेन्सिलने दुसरी तारीख.
सही नाही."

ते अक्षर माझं.
या वहीत आहे तेच.

दोन तारांमधली लाट मोजायला
मला उर्मासनेच शिकवलं होतं,
डोळे मिटून, टेबलावर बोट आपटत.
त्या बालवाडीत मी मागून जायचे,
मुलं झोपलेली असताना,
आणि त्याचा मान राखला म्हणून
सायकलवर गुणगुणत घरी यायचे.
कानउघाडणी करणार तरी कशी?
कान तर मिटतच चालले होते.

उर्मास बराच वेळ गप्प होता.
मग म्हणाला, "मला वाटायचं,
हल्लीची मुलं वरच्या पट्ट्यांकडे जातच नाहीत."

कुणी हसलं नाही.
त्रीनचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा उतरला.
"हे तू मला जिन्यात सांगायला हवं होतंस,"
तो तिला म्हणाला, रागाने नव्हे.
मग आमच्याकडे वळला:
"जिना तुम्हालाही होता."

माझ्या पेनाने सवयीने लिहून ठेवलं होतं,
*ओलाव्याविषयी चर्चा झाली.*
समोरून, उलट्या बाजूने, त्याने ते वाचलं.
डोळे अजून शाबूत त्याचे.
"खोड ते, हेल्वी."
मी खोडलं. पुढे काय लिहायचं ते सुचेना.
त्या पानावर अजूनही फक्त ती रेघ आहे
आणि कॉफीचा डाग, काल्युचा.

निघताना जिन्यात तो थांबला.
कोटांवरचा बर्फ वितळून पायऱ्यांवर ठिबकत होता.
"किती वाईट होतं?"

जिभेवर तोच शब्द आला होता, गुळगुळीत,
बावीस वर्षांचा.
मी गिळला.
"वरचे नऊ सूर," म्हणाले. "सगळे खाली.
शेवटचे दोन तर फारच."

त्याने कठड्यावर हात ठेवला
आणि एकेक बोट दाबत
नऊपर्यंत मोजलं.